भ्रूणात रक्तवाहिन्या कशा घडतात? जनुकनियमनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, नर्सिंग शिकणारी मुलेमुली आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मलेले पालक या तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटेल. जनुक असणे पुरेसे नसते. ते कधी, कुठे आणि किती चालते, यावर रक्तवाहिनी घडते की बिघडते हे ठरते.

भ्रूणाला रक्तवाहिन्यांची एवढी घाई का असते?

ऑक्सिजन पेशींमधून आपोआप झिरपतो, पण फार लांब जात नाही. मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यापलीकडे त्याचा पुरवठा अपुरा पडतो. भ्रूण त्याहून जाड झाला की आतल्या पेशी गुदमरणार. म्हणून इतर कुठलाही अवयव नीट कामाला लागण्याआधी हृदय आणि रक्तवाहिन्या तयार व्हाव्या लागतात. माणसात गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात पहिल्या वाहिन्या दिसू लागतात आणि बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदय धडधडू लागते. पुष्कळ जणींना तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

पहिली रक्तवाहिनी प्रत्यक्ष पाहता येते का?

येते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ती एकदा तरी पाहावी असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात कोंबडीच्या भ्रूणाच्या २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या तयार स्लाइड दाखवतात. पण स्लाइडवरचा भ्रूण रंगवलेला आणि मेलेला असतो. जिवंत भ्रूण पाहण्यासाठी हॅचरीतून फलित अंडी आणावी लागतात, दुकानातली अंडी चालत नाहीत, कारण ती फलित नसतात. अंडे आडवे ठेवून सुमारे ३८ अंश सेल्सिअसला उबवायचे. मग सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर पांढरा बलक काढून घ्यायचा, म्हणजे पिवळ्या बलकावरचा भ्रूण कवचापासून खाली सरकतो आणि वरून खिडकी कापताना त्याला धक्का लागत नाही.

पहिला दिवस संपताना भ्रूणाभोवतीच्या पातळ पडद्यावर बारीक ठिपके दिसू लागतात. या रक्तद्वीपिका. प्रत्येक ठिपक्याच्या आतल्या पेशी रक्तपेशी होतात, कडेच्या पेशी चपट्या होऊन वाहिनीचे अस्तर बनतात. शेजारच्या द्वीपिका एकमेकींना जुळतात आणि मासेमारीच्या जाळ्यासारखी सगळीकडे सारख्याच जाडीची एक जाळी तयार होते. साधारण दीड दिवसाने हृदय थरथरू लागते, रक्त फिरू लागते, आणि मग जाळीतले काही धागे जाड होतात, काही नाहीसे होतात. तिसऱ्या दिवशी झाडासारख्या फांद्या फुटलेल्या वाहिन्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या फ्लोरेन्स सेबिन यांनी हे सगळे जिवंत भ्रूणात सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसून पाहिले आणि १९२० साली त्याचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी जनुक म्हणजे नेमके काय पदार्थ आहे हेही माहीत नव्हते. तरीही अस्तरपेशी आणि रक्तपेशी एकाच मुळातून निघतात हे त्यांनी अचूक टिपले होते. १९२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला.

सगळ्या पेशींत जनुके तीच असतात. मग एखादीच पेशी रक्तवाहिनीची कशी होते?

हा या विषयाचा गाभा आहे. माणसाच्या प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारी सुमारे २०,००० जनुके असतात. त्यातली कोणती चालू राहतील आणि कोणती बंद, हे ठरवणारी खास प्रथिने असतात, त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ती डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतात आणि जवळचे किंवा लांबचे जनुक जागे करतात. अशा नियामक जागांना एन्हान्सर म्हणतात.

रक्तवाहिनीच्या बाबतीत सुरुवात करणारा मुख्य फॅक्टर म्हणजे ईटीव्ही२. उंदराच्या भ्रूणात तो जेमतेम दोन-तीन दिवस चालतो आणि बंद होतो. तो काढून टाकला तर भ्रूणात रक्तवाहिन्याही होत नाहीत आणि रक्तही होत नाही, दहाव्या दिवसाच्या आतच भ्रूण दगावतो. इतक्या थोड्या वेळात तो फ्लाय१ आणि इतर जनुके जागी करून ठेवतो, आणि पुढचा कारभार ती जनुके सांभाळतात.

ईटीव्ही२च्या कुळातली प्रथिने जवळपास सगळ्याच पेशींत असतात आणि ती डीएनएवर असंख्य ठिकाणी बसू शकतात. मग नेमकी वाहिन्यांची जनुकेच कशी जागी होतात? २००८ मध्ये याचा एक मोठा दुवा मिळाला. वाहिन्यांच्या अनेक एन्हान्सरमध्ये या कुळाच्या जागेला चिकटूनच दुसऱ्या एका कुळाची, फॉक्सची, जागा असते. दोघे एकत्र बसले तरच जनुक जोमाने चालते. एकट्याच्या सहीने काम होत नाही.

ईटीव्ही२ला कोण जागे करते?

याचे उत्तर मिळायला वीस वर्षे लागली. १९९५ मध्ये झेब्राफिशचा एक उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेला) प्रकार नोंदवला गेला, त्यात वाहिन्यांचे अस्तर आणि रक्त दोन्ही जवळजवळ नव्हते. त्याला क्लॉश असे नाव पडले. हे उत्परिवर्तन गुणसूत्राच्या अगदी टोकाला होते, आणि तिथला डीएनए वाचणे फार अवघड. शेवटी २०१६ मध्ये डिडिए स्टेनिए यांच्या गटाने ते जनुक शोधले. एनपीएएस४एल त्याचे नाव. तो स्वतः एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहे आणि ईटीव्ही२च्याही आधी चालू होतो.

झेब्राफिशच का, असेही विचारतात. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला, ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. त्याचा भ्रूण आईच्या बाहेर वाढतो आणि काचेसारखा पारदर्शक असतो. शिवाय तो इतका लहान असतो की रक्ताभिसरण बंद असले तरी आजूबाजूच्या पाण्यातून झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर काही दिवस जगतो. उंदरात वाहिन्या बिघडल्या की भ्रूण लगेच मरतो आणि पुढचे काहीच पाहता येत नाही.

व्हीईजीएफ हे नाव सगळीकडे येते. ते इतके महत्त्वाचे का?

व्हीईजीएफ हे पेशीबाहेर सोडले जाणारे प्रथिन आहे. अस्तरपेशींना जगण्याची, वाढण्याची आणि कोणत्या दिशेला जायचे याची सूचना ते देते. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा आणि सहकाऱ्यांनी त्याचे जनुक वेगळे केले.

पण त्याचे खरे महत्त्व १९९६ मध्ये कळले. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. बहुतेक जनुकांची एक प्रत गेली तरी दुसरीवर भागते. बेल्जियममधील पीटर कार्मेलिट यांचा गट आणि अमेरिकेत फेरारा यांचा गट, दोघांनी स्वतंत्रपणे उंदरात व्हीईजीएफची फक्त एक प्रत काढली. भ्रूण अकराव्या-बाराव्या दिवसापर्यंत दगावले. निम्मे व्हीईजीएफ पुरले नाही.

मग जास्त दिले तर? २००० मध्ये तेही करून पाहिले गेले. व्हीईजीएफचे प्रमाण नेहमीच्या दोन-तीन पट केले, तर हृदयाची रचना बिघडून भ्रूण बाराव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान गेले. म्हणजे निम्मे झाले तरी मरण आणि तिप्पट झाले तरी मरण. जनुकनियमन म्हणजे चालू-बंदचे बटण, असे जे आपण घाईत शिकवतो, ते या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

मग भ्रूण हे प्रमाण सांभाळतो तरी कसे?

एका वेळी अनेक पातळ्यांवर.

पहिली पातळी ऑक्सिजनची. पेशीत एचआयएफ नावाचा फॅक्टर सतत बनत असतो, पण ऑक्सिजन पुरेसा असला की लगेच मोडून टाकला जातो. ऑक्सिजन कमी पडला की तो टिकतो, केंद्रकात जातो आणि व्हीईजीएफचे जनुक चालू करतो. जिथे पेशी गुदमरतात तिथूनच वाहिन्यांना हाक जाते. वाहिनी पोचली, ऑक्सिजन मिळाला, की हाक थांबते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल ग्रेग सेमेंझा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

दुसरी पातळी प्रथिनाच्या आकाराची. एकाच व्हीईजीएफ जनुकाचा संदेश वेगवेगळ्या ठिकाणी कापून जोडला जातो आणि लहान-मोठी प्रथिने बनतात. लहान प्रथिन लांबवर पसरते. मोठे प्रथिन जिथे सुटले तिथल्याच, पेशींबाहेरच्या तंतूंच्या जाळ्याला चिकटून राहते. उंदरात फक्त लहान प्रकार ठेवला तर वाहिन्या रुंद होतात, पण फांद्या कमी फुटतात. कारण जवळ जास्त आणि लांब कमी हा उतारच उरत नाही, आणि दिशा त्या उतारावरूनच कळते.

तिसरी पातळी मला सर्वांत विलक्षण वाटते. अस्तरपेशीवर व्हीईजीएफ पकडणारे दोन ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. फ्लक१ संदेश आत पोचवतो. फ्लट१ व्हीईजीएफला कितीतरी जास्त घट्ट पकडतो, पण संदेश जेमतेम पोचवतो. १९९५ मध्ये दोन्ही काढून पाहिले गेले. फ्लक१ नसलेल्या भ्रूणात वाहिन्याच झाल्या नाहीत. फ्लट१ नसलेल्यात अस्तरपेशी बेसुमार झाल्या आणि त्यांच्या वाहिन्या नीट घडल्याच नाहीत. पुढे १९९८ मध्ये फ्लट१चा फक्त संदेश देणारा भाग कापून टाकला, व्हीईजीएफ पकडणारा भाग तसाच ठेवला, आणि उंदीर धडधाकट जन्मले. भ्रूणाला फ्लट१ हवा असतो तो व्हीईजीएफ अडवून धरण्यासाठी.

फ्लट१चा एक सुटा प्रकारही बनतो, पेशीबाहेर तरंगणारा. आपल्या डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, रक्तवाहिन्यांपासून मोकळा राहतो तो याच्यामुळे, हे २००६ मध्ये दिसून आले. मॅनेटी नावाच्या सागरी प्राण्याच्या कॉर्नियात हे प्रथिन नसते, आणि त्याच्या कॉर्नियात रक्तवाहिन्या असतात.

फांदी नेमकी कुठे फुटायची हे कोण ठरवते?

व्हीईजीएफ आले की सगळ्याच अस्तरपेशी पुढे धावतील, पण तसे होत नाही. ज्या पेशीला थोडे जास्त व्हीईजीएफ मिळते ती डीएलएल४ हे प्रथिन जास्त बनवते. ते शेजारणीच्या नॉच ग्राहकाला जाऊन भिडते आणि शेजारणीची व्हीईजीएफ ओळखण्याची ताकद कमी होते. पहिली पेशी टोकाला राहून बारीक बोटे पुढे काढत वाट शोधते, शेजारणी मागे राहून नळी लांबवतात. ही नेमणूक कायमची नसते. मागची पेशी पुढे येऊन टोकाची जागा घेते, असेही घडते. डीएलएल४चीही एक प्रत गेली की बहुतेक जातींच्या उंदरांत भ्रूण दगावतो. पुन्हा तोच मात्रेचा प्रश्न.

रोहिणी आणि नीला: जनुके ठरवतात की रक्ताचा प्रवाह?

फार काळ सगळे प्रवाहाकडे बोट दाखवत. हृदयातून जोराने रक्त येते ती रोहिणी, संथपणे परत जाते ती नीला, असा सरळ हिशेब होता. १९९८ मध्ये डेव्हिड अँडरसन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की उंदराच्या भ्रूणात रोहिणीच्या पेशींवर एफ्रिन-बी२ हे प्रथिन असते आणि नीलेच्या पेशींवर त्याचा जोडीदार ईपीएच-बी४, आणि हा फरक रक्त फिरू लागण्याआधीच दिसतो. पुढे झेब्राफिशमधून साखळी उलगडली: सॉनिक हेजहॉग या संदेश देणाऱ्या प्रथिनामुळे व्हीईजीएफ, व्हीईजीएफमुळे नॉच, नॉचमुळे रोहिणी. नीलेला मात्र काहीच लागत नाही, नॉच नसले की आपोआप नीला होते, असे मग मानले जाऊ लागले. २००५ मध्ये तेही खोटे ठरले. नीलेत सीओयूपी-टीएफ२ हा फॅक्टर नॉचला सतत दाबून धरत असतो. तो काढला तर नीलेत रोहिणीची लक्षणे उमटतात.

म्हणजे जनुके जिंकली? थांबा. २००४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातली बलकाकडे जाणारी एक रोहिणी बांधून टाकली गेली. त्या बाजूला रक्त उलट दिशेने येऊ लागले, आणि जी वाहिनी रोहिणी होती ती नीला झाली, नुसती दिसायला नाही तर जनुकांच्या पातळीवरही. सुरुवातीचा कल जनुके देतात, पण प्रवाह तो फिरवू शकतो, निदान त्या कोवळ्या वयात.

प्रवाह जनुकांपर्यंत पोचतो कसा, याचीही वाट सापडली आहे. अस्तरावरून रक्त घासत जाते तेव्हा केएलएफ२ हा फॅक्टर वाढतो. तो नसलेल्या उंदरांचे भ्रूण रक्तस्रावाने मरतात. आणि २००७ मधला एक प्रयोग तर मी वर्गात हमखास सांगतो. रक्तपेशी वाहिन्यांत येण्यापासून रोखल्या, तर जाळीतून मोठ्या वाहिन्या घडेनात. मग त्या पातळ रक्तात स्टार्चचे द्रावण घालून त्याचा दाटपणा परत आणला, आणि वाहिन्या नीट घडू लागल्या. तिथे रक्तपेशींचा ऑक्सिजन लागत नव्हता, दाट रक्ताचे घासणे लागत होते.

लसीकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या) याच जाळ्यातून निघतात का?

बहुतांशी हो. उंदरात साडेनवव्या दिवसाच्या सुमारास मोठ्या नीलेच्या एका बाजूच्या काही पेशींत सॉक्स१८ हा फॅक्टर प्रॉक्स१ला जागे करतो आणि त्या पेशी नीला सोडून बाहेर पडतात. प्रॉक्स१ नसेल तर लसीकावाहिन्या होतच नाहीत. इतकेच नव्हे, प्रौढ वयातही प्रॉक्स१ बंद केला तर लसीकावाहिनीच्या पेशी आपली ओळख सोडून रक्तवाहिनीच्या वळणावर जातात.

रक्तवाहिनीच्या भिंतीतून रक्तपेशी निघतात हे खरे आहे का?

खरे आहे. भ्रूणाच्या महारोहिणीच्या अस्तरातल्या काही पेशी रनएक्स१ या फॅक्टरमुळे गोल होतात, भिंतीतून सुटतात आणि रक्ताच्या मूळपेशी होतात. २०१० मध्ये झेब्राफिशच्या जिवंत भ्रूणात हे घडताना चित्रित केले गेले. आयुष्यभर रक्त बनवणाऱ्या पेशींचा उगम तिथे आहे.

हे सगळे उंदरांचे आणि माशांचे झाले. माणसाचे काय?

माणसातले पुरावे आजारांतून मिळतात. घराण्यात अनेकांना वारंवार नाकातून रक्त येणे, ओठांवर आणि जिभेवर लाल ठिपके असणे, हे एका आनुवंशिक आजाराचे लक्षण असू शकते. त्यात एंडोग्लिन किंवा एएलके१ या जनुकांपैकी एकाची एक प्रत बिघडलेली असते आणि रोहिणी मधल्या केशवाहिन्या टाळून थेट नीलेला जुळते. साधारण ५,००० माणसांमागे एकाला तो असतो. नॉच मार्गातले जेएजी१ बिघडले तर अलाजील सिंड्रोम होतो, त्यात यकृताबरोबर फुप्फुसाकडे जाणारी रोहिणीही अरुंद असते.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांसाठी एक मुद्दाम सांगतो. पाय सुजलेला दिसला की आपल्याकडे हत्तीरोग म्हणून मोकळे होतात. पण बाळाचे पाऊल जन्मापासूनच सुजलेले असेल, तर तो डासांमुळे होणारा हत्तीरोग नसतो. लसीकावाहिन्यांच्या वाढीतला दोष, उदाहरणार्थ व्हीईजीएफच्या तिसऱ्या ग्राहकातले उत्परिवर्तन, हे त्याचे कारण असू शकते. अशा बाळाला जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावे.

गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाशी याचा काय संबंध?

वर सांगितलेला सुटा फ्लट१ इथे परत येतो. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा आजार, यात वार (प्लासेंटा) हे प्रथिन प्रमाणाबाहेर बनवते. ते आईच्या रक्तातले व्हीईजीएफ आणि त्याच्या जवळचे पीएलजीएफ शोषून घेते, आईच्या वाहिन्यांचे अस्तर बिघडते, रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. तेव्हा बॉस्टनमध्ये काम करणारे अनंत करुमंची आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे दाखवले. सुटा फ्लट१ आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर मोजणाऱ्या रक्तचाचणीला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. चाचणी मिळो न मिळो, गरोदरपणाच्या उत्तरार्धात जोराचे डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज किंवा बरगड्यांखाली दुखणे, यातले काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आमचे बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे. डोळे तपासायला का सांगितले?

बाळाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, वाहिन्या सुमारे सोळाव्या आठवड्यापासून मधून कडेकडे वाढत जातात आणि पूर्ण दिवस भरत येतात तेव्हा कुठे कडेला पोचतात. आधीच जन्मलेल्या बाळात हे काम अर्धवट असते. गर्भाशयातल्यापेक्षा बाहेर ऑक्सिजन जास्त, त्यात बाळाला वरून ऑक्सिजन द्यावा लागला तर आणखी जास्त. मग एचआयएफ मोडला जातो, व्हीईजीएफ उतरते आणि वाहिन्यांची वाढ थांबते. पडदा मात्र वाढत राहतो. काही आठवड्यांनी वाहिनी न पोचलेला भाग गुदमरतो, व्हीईजीएफ एकदम उसळते आणि वेड्यावाकड्या वाहिन्या फुटून पडदा ओढला जातो. याला आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणतात. वेळेवर लेसर केले किंवा व्हीईजीएफ अडवणारे इंजेक्शन डोळ्यात दिले तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते.

भारतातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि फारच लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. बाळ दूध पिते आहे, अंग धरते आहे, डोळे छान दिसताहेत, म्हणून ही तारीख कृपया चुकवू नका. हा आजार बाहेरून दिसत नाही.

गरोदरपणात वाहिन्या चांगल्या वाढाव्यात म्हणून काही औषध घ्यावे का?

नाही. निम्मे आणि तिप्पट यांची गोष्ट वर आलीच आहे. उलट वाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे टाळणे महत्त्वाचे. थॅलिडोमाइडमुळे १९५७ ते १९६१ या काळात जगभर हजारो मुले हातपाय अपुरे घेऊन जन्मली. ते कोवळ्या वाहिन्यांची वाढ थांबवते, आणि भ्रूणावरच्या त्याच्या परिणामात याचा वाटा असल्याचे कोंबडीच्या भ्रूणातल्या प्रयोगांत दिसले आहे. आजही हे औषध मायलोमा हा कर्करोग आणि कुष्ठरोगातल्या एका गुंतागुंतीसाठी वापरले जाते. घरात कोणाचे ते चालू असेल तर गरोदर स्त्रीच्या हाती चुकूनही लागता कामा नये.

महाराष्ट्रात या विषयाची काही परंपरा आहे का?

कोंबडीचा भ्रूण अंड्याबाहेर काचेच्या बशीत वाढवून अभ्यासण्याची पद्धत पुण्यात रुजवली ती लीला मुल्हेरकर यांनी. एडिंबरोला कॉनराड वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आल्यावर त्यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रा या गोड्या पाण्यातल्या इवल्या प्राण्यात व्हीईजीएफच्या कुळातले जनुक असल्याचे २०१३ मध्ये दाखवले. हायड्राला ना रक्त असते, ना रक्तवाहिन्या. म्हणजे हे जनुक वाहिन्यांच्या कितीतरी आधीचे आहे, आणि वाहिन्या घडवण्याचे काम त्याच्याकडे नंतर आले.